हात केला की थांबायचं

दादा,

आज डेपोतून पहिली बस मी बाहेर काढली. आपली बस! तुझ्या कंपनीचं शहरातल्या बस चालवायचं कंत्राट संपलं, पुन्हा टेंडर निघालं आणि ते आम्हा ड्रायव्हर-कंडक्टरांच्या सहकारी सोसायटीने जिंकलं. तुझे साहेब आधीच एकमेकांना टाळ्या देत होते. नाव पुकारलं आमचं! आणि तू म्हणाला होतास, "सोसायटी म्हणजे चार दिवसांचा खेळ."

मला तुझा रागही आहेच. कंपनीला पैसे किलोमीटरमागे मिळायचे, प्रवाशांमागे नाही. उशीर झाला की दंड तुमच्या पगारातून. म्हणून तुम्ही थांबे गाळायचात. त्या दिवशी हॉस्पिटलच्या थांब्यावर आई हात करत उभी होती आणि तू बस दामटत निघून गेलास. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "त्याला दिसले नसेन गं." तू मात्र त्या दिवशी जेवला नाहीस.

आज मी तिथे बस उभी केली. आई पुढच्या सीटवर ऐटीत बसली आणि अख्ख्या बसला सांगत सुटली, "माझी लेक चालवतेय!" मी उगाचच हॉर्न वाजवला.

तुझा नोकरीचा अर्ज आलाय आमच्याकडे. उद्या तुझी टेस्ट, आणि शेजारी बसणार मी. गिअर, ब्रेक तूच मला शिकवलेस, ते काय तपासायचं? हॉस्पिटलच्या थांब्यावर आई हात करील. मला तेवढंच बघायचंय.

म्हणूनच हे पत्र आज पोस्टात टाकत नाही. पेपर फुटेल ना!

त्या थांब्यापर्यंतच रागावलेली,
तुझी धाकटी