सत्यवानाचे डोळे

२४ जुलै २००६
रेडीला एसटीतून उतरले तेव्हा कॅनव्हासची गुंडाळी कोरडी होती, म्हणजे दिवस चांगला. कोल्हापुरात गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्सचं दुकान आल्यापासून हाताने काढलेलं व्यक्तिचित्र कोणी विचारत नाही. तिथे दोन तासांत गुलाबी गालांचा दहा फुटी साहेब मिळतो. जळो मेलं! इथे गोदूबाईंना हाताचंच चित्र हवंय. त्या मासे विकतात. त्यांचा मुलगा सत्यवान गेल्या वर्षी होडीसकट बुडाला, सापडला नाही. आता नारळी पौर्णिमेआधी दर्भाचा पुतळा जाळून त्याची क्रिया करायची आणि चित्राला हार घालायचा. मला माडाखालची खोली दिलीय, जेवायला पेज आणि सुका बांगडा. कित्येक वर्षांत इतकी खूश नव्हते.

२६ जुलै
फोटो एकच, लग्नातला. फ्लॅश पडला आणि त्याचे नेमके डोळे मिटले. कसे होते विचारलं, तर गोदूबाई म्हणाल्या, "क्रिया झाल्याबगर डोळे रंगवू नको गो बाय. उघड्या डोळ्यांचो माणूस घराची वाट सोदता."
माझं डोकं फिरलं. जन्मभर हेच ऐकतेय. नाक सरळ करा, रंग उजळ करा, मस काढून टाका. पंचवीस वर्षं मी डोळ्यांपासून सुरुवात करते. डोळे जमले की माणूस जमला, बाकी नुसता कपडा. हे मला मासे विकणाऱ्या बाईने शिकवायचं?

२७ जुलै
आरसा समोर ठेवला आणि माझेच डोळे त्याला दिले. तासाभरात झाले. इतके जिवंत डोळे आजवर माझ्या हातून उतरले नव्हते. वर कापड टाकून ठेवलंय.

३० जुलै
चित्रातला शर्ट वाळला, कान वाळले, एवढ्या पावसात. डोळे मात्र ओले. बोट लावून चाखलं. खारट.
सत्यवानाच्या बायकोने, रुक्मिणीने, आज कापड उचललंच. हे डोळे त्याचे नाहीत, तुझे आहेत, म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं आणि दारापर्यंत मागे सरली. आरसा बघितला. माझी बुबुळं फिकी पडलीत, खूपदा धुतलेल्या कापडासारखी.

२ ऑगस्ट
सगळं अंधुक. राग येतो — त्याचा, त्याच्या आईचा, सगळ्यात जास्त माझ्या हट्टाचा. टर्पेंटाइनच्या बोळ्याने त्याचा डावा डोळा पुसला. माझ्या डाव्या डोळ्यात आग उठली. आता त्या बाजूला काळोख आहे. उजव्याला हात लावायची हिंमत नाही.

४ ऑगस्ट
गोदूबाईंच्या पाया पडले. सगळं सांगितलं. म्हटलं, आजच क्रिया करा, जाऊ द्या त्याला. त्यांनी चित्र पाहिलं. एका डोळ्याने तो त्यांच्याकडे बघत होता. रडता रडता म्हणाल्या, "क्रिया कोनाची? झील माझो घराक इलो."
मुलगा घरी आला म्हणे! टर्पेंटाइनची बाटली घेऊन गेल्या. चित्रही. देवाशेजारी भिंतीवर लावलं आणि मला समोर खुर्चीत बसवलं — दुसरा डोळाही काढून दे म्हणतात. चोर! आई असली म्हणून काय —

६ ऑगस्ट
नाही देणार. ब्रश मोडला. दार बाहेरून —
समोर तो. पापणी हलवत नाही. माझी मात्र आपोआप मिटते —

८ ऑगस्ट
उजवाही गेला — तरी दिसतंय. उंचावरून, देवाशेजारच्या भिंतीवरून. खाली खुर्चीत एक बाई वही लिहितेय, डोळे मिटलेले, त्या लग्नाच्या फोटोसारखे. अक्षर माझं. हात माझा —
गोदूबाई आल्या. वर माझ्याकडे बघून सत्या म्हणाल्या, हसल्या. ठरलेली क्रिया कोणाची तरी करावीच लागते, म्हणतात. हातात हार. खाली त्या बाईकडे —
ऊठ! मूर्खे, डोळे उघड! तुझ्या गळ्या —