एकेचाळीस ओटरवील

२ नोव्हेंबर, रविवार. खलिफा सिटी, अबुधाबी.
मुलीच्या, पर्णिकेच्या घरी येऊन आज आठवा दिवस. परतीचे तिकीट ३१ जानेवारीचे आहे. तोवरचा काळ वाया जाऊ नये म्हणून काम हाती घेतले आहे.

उर्वी, माझी नात, वय अकरा, हिला शाळेने प्रकल्प दिला: स्वतःच्या आडनावाचे मूळ आणि प्रसार. तिचे आडनाव ओटरवील. जावई रुटखर हा डच आहे. (उच्चार रुटखर असाच आहे. या घरी येणारे मराठी लोक त्याला ‘रॉजर’ म्हणतात. तो ऐकून घेतो, मी घेत नाही.) हे काम अकरा वर्षांच्या मुलीचे नव्हे. मी तुळसकर कुलवृत्तांताचा संपादक आहे. दुसरी आवृत्ती, पृष्ठे ४१२. उर्वी म्हणाली, “आजोबा, इट्स ओन्ली टू स्लाइड्स.” कुल दोन स्लाइडांत मावत नसते, हे तिला समजावून दिले. ती मध्येच उठून गेली. तहान लागली असावी.

संकल्प: ‘ओटरवील कुलवृत्तांत’, १८० पृष्ठे, कापडी बांधणी. जाण्यापूर्वी पर्णिकेच्या हाती द्यायचा. ती मुखपृष्ठ पाहील आणि मला ‘अण्णा’ म्हणून हाक मारील.

शेवटचे वाक्य विषयाला सोडून आहे. खोडावे.

५ नोव्हेंबर.
प्रसार: नेदरलँड्समध्ये एकेचाळीस व्यक्ती (एका संकेतस्थळानुसार). संयुक्त अरब अमिरातीत दोन; पर्णिकेने माहेरचे आडनाव ठेवले आहे, परंतु मी तिला धरून तीन लिहिले. भारतात शून्य. (तूर्त.)

पर्णिका माझ्याशी थेट बोलत नाही. भांडण नाही, व्यवस्था चोख आहे, गोळ्यांच्या वेळाही चुकत नाहीत. मी समोर बसलेला असतो आणि ती म्हणते, “उर्वी, आजोबांना विचार, चहा घेणार का.” उर्वी मान वर न करता, “आजोबा, टी?” मी म्हणतो, “आईला सांग, अर्धा कप.” मग चहा येतो. वस्तुतः ही कार्यक्षम पद्धत आहे. मुलीचे मराठी सुधारते.

लग्नापूर्वी ती मला अण्णा म्हणत असे. पंधरा वर्षे परदेशात राहून सवय मोडते.

९ नोव्हेंबर.
मूळ. रुटखरला विचारले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, समुद्राचा किंवा नदीचा बांध फुटला की पाणी जिथून आत घुसते तिथे खोल डोह पडतो. तो बुजवता येत नाही. लोक नवा बांध त्याला वळसा घालून बांधतात आणि डोह तसाच राहतो. त्या डोहाला ‘वील’ म्हणतात. त्यात पाणमांजरे होती, म्हणून ओटरवील. एवढे बोलून तो गाडी धुवायला गेला.

कोणत्याही घराण्याचे मूळ इतके क्षुल्लक नसते. माझे अनुमान वेगळे आहे. आमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. तिची पडझड झालेली इमारत मी दरवर्षी शाळेतल्या मुलांना दाखवत असे. एखादा ओटरवील तिथे येऊन गेला असणारच. हे सिद्ध झाले की घराणे परके राहत नाही, पूर्वपरिचित ठरते. पूर्वपरिचित घराण्यात झालेल्या विवाहाची नोंद करण्यास संपादकाची हरकत उरत नाही. मग आमच्या कुलवृत्तांतातील पृष्ठ २१४ चा विचार करता येईल, आणि कुणाला काही मागे घ्यावे लागणार नाही.

१६ नोव्हेंबर.
एकोणतीस ओटरवीलांना ईमेल पाठवले. इंग्रजी निर्दोष. उत्तरे दोन. एक बाई लिहितात की त्यांचा घटस्फोट झाला असून त्या आता ओटरवील नाहीत. एका दंतवैद्याने विचारले आहे की वारसा मिळण्यासाठी त्याने आधी किती रक्कम भरायची. अशी पत्रे त्याला नायजेरियातून नेहमी येतात, अमिरातीतून प्रथमच आले.

पृष्ठसंख्या ६४ करावी. आटोपशीरपणा हा गुणच आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
रुटखरने दुबईस अल क्वोजला नेले. तिथे गोदामांच्या रांगेत रफिकचा छापखाना आहे. हा हर्णैचा, मराठी मंडळाच्या स्मरणिका तोच छापतो. बांधणीचा नमुना म्हणून तुळसकर कुलवृत्तांत पुढे ठेवला. रफिकने कागद चोळून पाहिला, शिवण पाहिली, म्हणाला, “मास्तर, जावयाच्या खानदानाची किताब? आमच्यात पण जावयाला कोंबडी कापतात, पण हे म्हणजे जास्तच झालं.” मग माझे नाव शोधत पृष्ठ २१४ काढले. “हे तुम्ही. हा मुलगा सत्यजित. आणि बाहेर गाडीत बसलाय त्याची बायको? ती कुठल्या पानावर?”

मी म्हणालो, जागेची अडचण होती.

“चारशे बारा पानांत?” एवढेच विचारून त्याने पुस्तक मिटले आणि पोऱ्याला न सांगता स्वतः जाऊन चहा घेऊन आला.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. पर्णिकेचे लग्न २०१० चे, आवृत्ती २०१२ ची. परधर्मात विवाह केलेल्या कन्यांची नावे स्थगित ठेवावीत, असा ठराव समितीने एकमताने केला. मसुदा माझा होता, कारण समितीत शुद्ध लिहिणारा मी एकटाच. स्थगित म्हणजे वगळलेली नव्हेत. छपाईनंतर मी स्वतः सदतीस चुका शोधून शुद्धिपत्र जोडले. त्यात पर्णिका नाही, कारण ती चूक नव्हती, धोरण होते.

मुद्रिते नेहमीप्रमाणे माझ्या पत्नीने, कमलिनीने वाचली. २१४ वे पान वाचल्यावर तिने चष्मा काढून मिटून ठेवला आणि पुढची पाने वाचली नाहीत. तेव्हापासूनच तिचे डोळे अधू झाले असावेत.

कमलिनीला जाऊन येत्या मे महिन्यात दोन वर्षे होतील.

३ डिसेंबर.
इथल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्यांत सगळीकडे झेंडे. उर्वीने प्रकल्प गेल्या आठवड्यातच दिल्याचे आज कळले. दोन स्लाइड. पहिलीवर डोह आणि पाणमांजर, दुसरीवर नकाशा. वर्गात पहिली आली. वखारीचा उल्लेख नाही.

शाळेची मुदत हा गौण मुद्दा आहे.

जेवताना मी वखारीचा विषय काढला तेव्हा रुटखर सहज म्हणाला की हेन्ड्रिका आत्याकडे घराण्याची संपूर्ण यादी आहे, चाळीस वर्षे ती हेच करते. आधी का सांगितले नाही, असे विचारले. म्हणाला, तुम्ही मला पत्ता कुठे विचारलात, तुम्ही मला वखारीबद्दल सांगत होतात. पर्णिका हसली. मग मी पाहिले असे लक्षात येऊन तिने भाजी वाढायला घेतली.

१४ डिसेंबर.
श्रीमती हेन्ड्रिका ओटरवील, वय ८६, यांचे सविस्तर उत्तर. सारांश:

(१) कोणताही ओटरवील कधीही जहाजावर चढला नाही. सगळे बांधावर माती टाकणारे मजूर, पाण्याला भिणारे. १८११ पूर्वी त्यांना आडनावच नव्हते.
(२) एकेचाळीस हा आकडा जुना आहे. आज एकोणीस. मुली लग्न करून गेल्या, मुलगे वारले. सर्वांत धाकटी उर्वी.
(३) यादी सोबत जोडली आहे.

यादीत प्रत्येकाच्या नावाखाली जोडीदार, जोडीदाराचे आईवडील, गाव, जन्मतारीख. रुटखरखाली पर्णिका. तिच्याखाली: वडील जगन्नाथ तुळसकर, मुख्याध्यापक, आई कमलिनी. माझ्या वडिलांचेही नाव आहे. वाडीचेसुद्धा नाव आहे, आणि ते बिनचूक आहे.

बाई लिहितात: कुणाचे लग्न झाले की मी व्याह्यांना पत्र लिहून माहिती मागवते. २०१२ मध्ये तुमच्या पत्नीने हाताने लिहिलेले चार पानी उत्तर पाठवले. शेवटी लिहिले होते की माझे यजमान फार काटेकोर संपादक आहेत. यात काही चुकले असेल तर ते तुम्हाला नक्की कळवतील. मी तेरा वर्षे वाट पाहते आहे.

कमलिनीला इंग्रजीत चार पाने लिहिता येत होती, याची मला कल्पना नव्हती. तिकीट लावायला पोस्टात कोण गेले, तेही कळत नाही. मी घरीच असे.

त्याच दिवशी, सायंकाळी.
यादी पुन्हा तपासली. एक चूक सापडली. पर्णिकेची जन्मतारीख २४ ऑगस्ट १९८१ दिली आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर, पदवीवर, पासपोर्टवर सर्वत्र १ जून आहे. दाखला मीच लिहिला आहे. श्रीमती ओटरवील यांना तात्काळ कळवले. दिवसभरात प्रथमच बरे वाटले.

१६ डिसेंबर.
त्यांचे उत्तर: “आपण वडील आहात, आपल्यालाच ठाऊक असणार. तारीख बदलली असून सुधारित यादी सर्व एकोणीस जणांना पाठवली आहे.” काटेकोरपणाची कदर करणारी माणसे अजून आहेत.

वखारीचे प्रकरण रद्द. पाने २४.

५ जानेवारी.
चोवीस पानांत माझे असे काय, हा प्रश्न आहे. यादी हेन्ड्रिकाबाईंची, डोह उर्वीचा, पत्र कमलिनीचे.

दुसरा विचार. त्या घराण्याने आमची नोंद घेतली आहे. परतफेड म्हणून आम्ही त्यांची घेणे शिष्टाचाराला धरून आहे. हा ठरावाचा भंग नव्हे. समितीची मान्यता लागेल. समितीतील सहांपैकी पाच वारले आहेत. उरलेल्याची मान्यता आहे.

१७ जानेवारी, शनिवार.
पुन्हा अल क्वोज. रफिकला सांगितले, पुस्तक नको, एक शुद्धिपत्र छाप, तळहाताएवढे, प्रती तीनशे. त्याने मजकूर मोठ्याने वाचला: “पृष्ठ २१४, ओळ ९. ‘पुत्र सत्यजित’ या शब्दांपुढे वाचावे: ‘कन्या पर्णिका, जन्म १ जून १९८१, पती रुटखर ओटरवील, त्यांची कन्या उर्वी.’” मग म्हणाला, “एवढंच लिहायचं होतं तर मास्तर, ते डच खानदान कशाला उकरलंत?” मी म्हणालो, संशोधनाला वेळ लागतो. म्हणाला, “खलास. मंगळवारी पाठवतो. पैसे नकोत.” बळेच दिले.

२१ जानेवारी.
गठ्ठा आला. छपाई स्वच्छ. देताना काय म्हणायचे त्याचे तीन मसुदे केले. रुटखर म्हणाला, व्हिसा आणखी दोन महिने वाढवता येतो, इट्स नो प्रॉब्लेम. मी म्हणालो, पाहू. पर्णिका ओट्यापाशी होती. तिने ऐकले असेल किंवा मिक्सरमुळे ऐकले नसेल.

२४ जानेवारी.
दिले. स्वयंपाकघरात, सकाळी, मसुद्यांपैकी एकही न वापरता.

तिने ओले हात पुसले. उभ्याने वाचले. पुन्हा वाचले. मग तीन महिन्यांत प्रथमच माझ्याकडे पाहून बोलली. आवाज चढवला नाही.

“माझा जन्म चोवीस ऑगस्टचा आहे. एक जून तुम्ही शाळेत लावलीत.”

मी म्हणालो, दाखला पाहा. म्हणाली, “दाखला तुम्हीच लिहिलात ना.” कागद ओट्यावर ठेवून, “आई तिथीनं ओवाळायची. त्या दिवशी तुम्ही शाळेत असायचात.” मग फ्रीज उघडला, दूध काढले आणि आत हाक दिली, “उर्वी, आजोबांना विचार, चहा घेणार का.”

२५ जानेवारी.
तिचे म्हणणे खरे आहे. जूनमध्ये पाच पुरी नसतील तर पहिलीत प्रवेश मिळत नसे. वर्ष वाया जाई. शिक्षकाच्या हाती तेवढे असते. अर्ध्या वेंगुर्ल्याचा जन्म मी एक जूनला लावला, पालक पेढे आणून देत. चौऱ्याऐंशी दिवसांसाठी माझ्याच मुलीचे वर्ष जाऊ द्यायचे नव्हते. ते करताना खरी तारीख लक्षात ठेवीन, असे ठरवले होते.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. कमलिनीचा उपास. हे आज पहाटे आठवले. मी शाळेत होतो. शिपायाने येऊन सांगितले, मुलगी झाली. तास संपवून गेलो.

हेन्ड्रिकाबाईंना लिहिले: आपली मूळ तारीख बरोबर होती, कृपया पूर्ववत करावी.

२९ जानेवारी.
उत्तर आले. वडिलांच्या शब्दावर त्यांनी तारीख एकदा बदलली. आता दुसऱ्यांदा बदलायची तर मुलीचेच पत्र हवे. धोरण योग्य आहे. संपादक म्हणून मीही हेच केले असते.

पर्णिका समोर बसली होती. मी म्हणालो, “उर्वी, आईला विचार, दोन ओळी लिहील का.” पर्णिका म्हणाली, “आजोबांना सांग, असू दे. आता एकोणीस जणांकडे तीच गेलीय.”

व्हिसाचा विषय कुणी काढला नाही. मी काढणे प्रशस्त नव्हे.

३१ जानेवारी, शनिवार. विमानतळ.
रुटखर सोडून गेला. उर्वीने मिठी मारली व “बाय आजोबा, टेक केअर” म्हणाली. पर्णिकेने दारातून वाकून नमस्कार केला, जसा कुणाही वडीलधाऱ्यास करतात तसा. गोळ्या कोणत्या कप्प्यात आहेत, हे उर्वीकडून कळवले.

बॅग तिनेच भरली होती. चष्मा शोधताना वरच कुलवृत्तांत सापडला. ती प्रत मी त्यांच्या कपाटात मुद्दाम ठेवली होती. परत केलेली दिसते. पृष्ठ २१४ वर मी दिलेले शुद्धिपत्र होते. त्यातील ‘१ जून’ शाईने खोडला आहे. समासात मुद्रितशोधनाची खूण, आणि पुढे ‘२४ ऑगस्ट’. खूण अचूक आहे. ती दहा वर्षांची असताना सुट्टीत मीच शिकवली होती; कमलिनीच्या शेजारी बसून ती मुद्रिते वाचायची आणि काही सापडले की ओरडायची, “अण्णा, चूक.”

समासात अन्य मजकूर नाही. मागची बाजू पाहिली. कोरी आहे.

उरलेली दोनशे नव्याण्णव हाताने दुरुस्त करावी लागतील. कुठे पाठवायची, याची चौकशी सत्यजितकडे केली होती. तो म्हणाला, कुलवृत्तांताच्या शिल्लक प्रती वाळवीने खाल्ल्या, आणि ज्यांनी घेतल्या होत्या त्यांतले किती उरले ते तुम्हालाच माहीत. असो. दुरुस्ती ही दुरुस्ती असते. वेंगुर्ल्याला वेळ पुष्कळ आहे. रोज दहा धरली, तर महिनाभर पुरतील.