ओवेनच्या नावचे पैसे

२ मार्च, सोमवार
माझं आयुष्य आज जेवणाच्या सुट्टीत बदललं. टेसाचा टॅक्सचा परतावा जमा झाला, तिनं फोन माझ्यापुढे धरला, आणि आकडा बावीसशे डॉलरनं कमी! तिची मुलं दोन, जोसी आणि ओवेन. सरकार टॅक्समध्ये मुलामागे सूट देतं, तिचे प्रत्येकी बावीसशे यायचे. एकाचेच आले. त्याच पैशांतून वरच्या मजल्यावरच्या एका भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरायचं आणि एप्रिलमध्ये चौघांनी राहायला जायचं, असं मी ठरवून टाकलंय. टेसा अजून हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.
"जाऊ दे ना, कोल्बी," एवढंच बोलली आणि सँडविच खात राहिली. हिला लोक असेच फसवतात. मी जाऊ देणार नाही.

३ मार्च
टेसाचा टॅक्स भरून देणाऱ्या नोवाकबाईंकडे गेलो. दार जरा जोरात लागलं. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.
"तू तिचा नवरा का?"
"अजून नाही."
"मग तिच्या कागदांबद्दल अवाक्षर सांगणार नाही. कॅलेंडर उचल."
उचललं. म्हटलं, तिचं राहू द्या, लोकांना कमी का येतात ते तरी सांगा. मूल सतरा वर्षांचं झालं असेल, म्हणाल्या. ओवेन चार वर्षांचा, अजून पँट उलटी घालतो. कमाई फार थोडी असेल. टेसा वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत जादा पाळ्या करते. "नाहीतर," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "घटस्फोट झालेला असेल, तर एखादं मूल बापानं आपल्या टॅक्समध्ये दाखवलं असेल."
ड्वेन! टेसाचा आधीचा नवरा. नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर असतो, दोन वर्षांत इकडे फिरकलेला नाही.
कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा बाबा म्हणाले होते, तुला डोकं नाही. एकाच संध्याकाळी उलगडलं की नाही!

४ मार्च
सरोवरावरून दिवसभर बर्फ. टेसाचं मागचं दार रंधा मारून नीट करून दिलं. दोन हिवाळे अडकत होतं, खांदा लावून आपटावं लागायचं. आता एका बोटानं लागतं. ती दोनदा लावून बघत राहिली आणि हसली. त्या हसण्यासाठी मी गावातली सगळी दारं रंधून देईन.
मग विचारलं, ओवेनचं कसं ठरलंय?
"कोर्टानं ठरवून दिलंय. सम वर्षी ड्वेननं दाखवायचा, विषम वर्षी मी."
"अगं, मग हा टॅक्स पंचवीस सालचा! विषम. म्हणजे तुझं वर्ष!"
"सूप गार होतंय," ती म्हणाली.
तिला भांडण नकोय. म्हणून तर मी आहे.

५ मार्च
ड्वेनचा नंबर जोसीनं दिला. पाठ आहे तिला. "बाबा दर रविवारी फोन करतो. आधी आम्ही बोलतो, मग खूप वेळ आई."
हे मला माहीत नव्हतं.

६ मार्च, शुक्रवार
लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार, चर्चच्या हॉलमध्ये मासे तळत होते. टेसा आणि मुलं आत रांगेत. मी बाहेर पायऱ्यांवर उभा राहून ड्वेनला फोन लावला. सगळं सुनावलं. चोर म्हटलं. तुझं वर्ष नव्हतं, म्हटलं.
 तो म्हणाला, "तू दारं बसवणारा पोरगा ना? जोसी सांगते. काम चांगलं आहे म्हणे तुझं."
"विषय बदलू नकोस."
"चोरलं नाही रे. टेसानं आपलं वर्ष मला दिलं. स्वतः कागद सही करून पाठवला. माझ्या गाडीचं इंजिन गेलंय, इथलं भाडं थकलंय. ओवेनचे पैसे हातात आले की निघतोय. ईस्टरला घरी, टेसाकडे." मग म्हणाला, "ती बोलली नाही तुला?"
"बोलली की," मी म्हटलं.
आत गेलो. तिनं माझी बशी दुसऱ्या बशीनं झाकून ठेवली होती. मासे खाल्ले. चांगले होते.

७ मार्च
रंधा तिच्याकडे राहिला होता, तो आणायला गेलो. टेसा ओट्याशी उभी होती.
"कोल्बी, मी सांगणार होते..."
"पैसे कमी का आले ते कळलं मला."
ओवेननं विचारलं, उद्या येणार का. त्याची पँट सुलटी करून दिली.
बाहेर आलो. दार एका बोटानं लागलं.