आम्रपालीचं मशीन आणि माझी दुपारची झोप

२१ एप्रिल, दुपार
घर आहे की पिठाची गिरणी? जेवून आडवी झाले की आम्रपालीच्या कॉम्प्युटरचे पंखे सुरू. लोकांच्या लग्नाची शूटिंग ही कापणार-जोडणार, आणि वरात माझ्या डोक्यातून.
जय भीम. वही माझ्या संभाजीच्या, आम्रपालीच्या बापाच्या ऑफिसातली, अर्धी कोरी. शाळा तिसरीपर्यंत. एवढं लिहायला पुरते.
आज नातीला सांगितलं, हे मशीन तरी राहील नाहीतर मी. म्हणाली, मग मीच जाते आजी, कोथरूडला माझ्या मैत्रिणीच्या, तेजस्विनीच्या फ्लॅटमध्ये खोली रिकामी आहे.
जाऊ दे. मला काय.
ठराव: या विषयावर तोंड उघडायचं नाही.

२२ एप्रिल
उघडलं. विचारलं, यावर औषध नाही का? आहे म्हणे. वॉटर कूलिंग. मशीनच्या आत पाणी फिरतं, ते उष्णता उचलून बाहेर आणतं. स्वस्तातलंही मिळतं.
तीस वर्षं मंडईत ओल्या गोणपाटाखाली पालेभाजी ठेवली मी. माझ्या मेथीने संध्याकाळपर्यंत मान टाकली नाही. पाण्याने गार कसं करायचं ते मला कोण शिकवणार? सामान मीच निवडणार.
ती राहावी म्हणून नाही. झोपेसाठी.

२४ एप्रिल
तपकीर गल्ली, सगळी कॉम्प्युटरच्या सामानाची दुकानं. चालून पाय गेले. दुकानदार शहेजाद, मुलगा बरा. म्हणाला, पहिल्यांदाच घेताय तर सीलबंद घ्या आजी, पाणी भरायची भानगड नाही. म्हटलं, झाकण न उघडणारं भांडं मी घरात घेत नाही, आत काय सडतंय ते कसं कळायचं? आम्रपाली सीलबंदच म्हणत होती. तिला काय कळतं.
मग सुटं घेतलं. पंप, टाकी, नळ्या, चिपवर बसवायचा तांब्याचा ठोकळा आणि रेडिएटर. रेडिएटर मोठा घ्या म्हणाला, मग पंखे सावकाश फिरले तरी भागतं, आवाज होत नाही. आम्रपालीने ॲल्युमिनिअमचा उचलला, स्वस्त म्हणून. मी म्हटलं, तांब्याबरोबर ॲल्युमिनिअम एका पाण्यात? कुजेल. शहेजाद माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, आजी, इंजिनिअर आहात का?
आहेच. कागद नाही एवढंच.
नळीला नख लावून पाहिलं, दुधी बघतो तसं. नको म्हणाला.

२७ एप्रिल
बसवलं. मशीन बंद, नुसता पंप चालू, खाली टिश्यू पेपर, चोवीस तास. बाळंतिणीपाशी बसावं तशी मी बसले. थेंब नाही गळला.
पाणी बॅटरीत घालतात ते, बाटलीतलं. मी चाखलं. चव नाही. आम्रपाली म्हणाली, याशिवाय दुसरं काही घालायचं नाही हं आजी. मी मान हलवली. मान हलवली म्हणजे हो म्हटलं असं नाही.

२९ एप्रिल
घड्याळाची टिकटिक ऐकू आली. दोन तास झोपले. आम्रपाली म्हणाली, खोली नको असं तेजस्विनीला कळवते. म्हटलं, तुझं तू बघ.
संध्याकाळी थालीपीठं केली. तिला आवडतात म्हणून नाही, भाजणी संपवायची होती.

१ मे
टाकीतलं पाणी बोटभर उतरलं. आतली हवा निघाली की उतरतं, काळजी नको, असं शहेजाद म्हणाला होता. म्हणाला असेल. पोरगी बाहेर, बाटली रिकामी. मी घरचं घातलं. कच्चं नाही, तुरटी फिरवून निवळलेलं. पावसाळ्यात अख्खं घर त्यावर जगतं. टाकीतही दोनदा खडा फिरवला. कंजुषी कशाला?

४ मे
पंप खाकरतो. दुपारी मशीन आपोआप बंद. उद्या एका लग्नाची फिल्म द्यायची होती.
शहेजादने ठोकळा खोलला. आत पांढरा चिखल, बारीक खाचा बुजलेल्या. विचारलं, पाण्यात काय घातलं? आम्रपालीने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे. म्हटलं, हल्ली मालच असा येतो.
तिने ठोकळा फडक्यात गुंडाळला. भांडली असती तर बरं झालं असतं.

६ मे
गेली कोथरूडला. म्हणाली, रागावले नाही आजी, पण मला काम करायचंय. मशीनला आता सीलबंद बसवलंय.
संभाजी म्हणाला, झोप आई आता निवांत.

९ मे, दुपार
निवांत आहे. झोप नाही. ऊन फार आहे, त्याने असेल. तुरटीचा खडा फेकून दिला. त्यात तुरटीचा दोष होता असं नाही.
सोमवारी बुद्ध पौर्णिमा. खीर दरवर्षीएवढीच. दूध जास्त सांगितलंय, उतू जातं म्हणून. संभाजीला म्हटलं, विचार तिला येणार का. म्हणाला, तूच विचार. मी? पहिला फोन मी करायचा?
ठराव: तिचा फोन आला तरी बोलायचं नाही.
संभाजीचा मोबाईल उशाशी घेतलाय. वाजला तर घरात कुणी हात लावायचा नाही. मीच उचलणार.