आईने विकत घेतलेली सीडी

३ ऑक्टोबर
आमच्या कंपनीचं कुलूप आज बाजारात आलं. गाण्यांची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की ते गुपचूप आत जाऊन बसतं आणि कॉपी करू देत नाही. फुकट्यांनी ते काढून टाकू नये म्हणून मी युक्ती केली. नावाआधी दोन झेड असलेली फाईल कोणाला दिसतच नाही. स्वतःवर बेहद्द खूश. उद्यापासून व्यायाम.

९ ऑक्टोबर
डेटनहून आईचा फोन. सीडी घेतली म्हणे. चर्चच्या कॉयरमधल्या सगळ्या बायकांना सांगून झालं, माझ्या डुएनचं काम आहे. ऊर भरून आला. व्यायाम राहिला.

१ नोव्हेंबर
शेजारच्या टेबलावरची मार्ला म्हणाली, "अरे बाबा, उद्या एखादा व्हायरस नावाआधी दोन झेड लावेल आणि तुझ्याच पांघरुणात झोपेल. अँटिव्हायरसलाही दिसायचा नाही." मार्लाला पहिल्यापासून माझं बरं बघवत नाही.

११ नोव्हेंबर
तसा व्हायरस आला. लोक राईचा पर्वत करतात.
आईला फोन करायला हवा. पण थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी जातोच आहे. दरवर्षी जेवण झालं की तिचा कॉम्प्युटर मीच साफ करतो. तेव्हाच बघू. उगाच कशाला घाबरवायचं.

२० नोव्हेंबर
झोप नाही. छातीत अपराध्यासारखं काहीतरी होतं. कॉफी असणार. कॉफी बंद.

२४ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
आईने टर्कीच्या जेवणाआधीच कॉम्प्युटरपाशी नेलं. बाबांचे फोटो गेलेत. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातले, तळ्यावर मासे धरतानाचे. दुसरीकडे कुठे ठेवलेले नव्हते. ते गेल्या थँक्सगिव्हिंगला मी ठेवणार होतो.
अँटिव्हायरस म्हणतो, सगळं ठीक आहे. कुठे बघायचं ते मला ठाऊक होतं. दोन झेड.
कॉयरमधल्या इतर बायकांचं काय, मी विचारलं. त्यांचे कॉम्प्युटर ठणठणीत. त्यांच्यातल्या डोरीनने इंटरनेटवरून गाणी फुकट उतरवली आणि सगळ्यांना कॉपी वाटल्या.
"विकत मी एकटीनेच घेतली रे," आई म्हणाली. "तुझं काम ना ते."
थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "मीच काहीतरी भलतं दाबलं असणार."
मी म्हटलं, होतं असं कधी कधी.
तिने पंपकिन पायचा सगळ्यात मोठा तुकडा मला वाढला. खाल्ला.