दोन्ही टोकांना पिना असलेली वायर

प्रिय दादा,

जयभीम.

तुला जाऊन महिना झाला. पत्र लिहावं असं मनात नव्हतं. पण आठ दिवसांपूर्वी तुमच्या वीज ऑफिसातले इंजिनिअर घरी आले आणि तू हात लावलास त्या तारेत वीज कुठून आली, ते त्यांनी वहिनीला आणि मला सांगितलं. तेव्हापासून मी धड जेवलेली नाही. हे तुला नाही सांगायचं, तर कुणाला सांगायचं?

आम्ही सगळे हेच धरून बसलो होतो की सबस्टेशनवरून लाइन चालू झाली. म्हणजे तुझ्या प्रकाशनेच ती चालू केली. त्या दुपारी ड्यूटीवर तोच होता ना? पंधरा वर्षं तुम्ही दोघं एका डब्यात जेवलात. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो आला, तर वहिनीने पाठ फिरवली. आणि मी दारातच त्याला म्हटलं, "आता काहून आले? लाइन चालू करतानी दादाची याद नाही आली का?"

तो पुन्हा चप्पल घालून निघून गेला.

आणि आता हे इंजिनिअर साहेब म्हणतात, "ताई, लाइन बंदच होती. करंट उलट्या बाजूनं आला. एका घरातून."

घरातून? घरात वीज येते एवढंच मला माहीत. घरातून ती खांबावर जाते कशी?

साहेबांनी कागदावर काढून दाखवलं. वादळात कडुनिंबाची फांदी पडून तार तुटली होती. तुटलेल्या तारेच्या पलीकडे फक्त शेवटची दोन घरं. त्यातल्या एका घरी जनरेटर लावला. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी भिंतीच्या सॉकेटमध्ये. घरात लाइट आले. पण मेन स्विच बंद केला नव्हता, म्हणून तीच वीज मीटरमधून बाहेर पडून तारेत गेली. आणि ती तार जोडायला तू खांबावर चढला होतास.

मग साहेब आवाज खाली करून म्हणाले, "अर्थिंगचा रॉड गाडीतच सापडला."

काहून रे दादा? तार जमिनीला जोडल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तूच नव्या लोकांना शिकवायचास ना? साहेब म्हणाले, लोक खाली उभे होते, घाई करत होते, फोनवर फोन येत होते. येऊ द्यायचे होते. मला तुझा राग आला. गेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कळमेश्वरला त्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. दार एका म्हाताऱ्या मास्तरांनी उघडलं. मी नाव सांगितलं, तर ते दाराची कडी धरून तसेच उभे राहिले. आत खाटेवर त्यांची बायको, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन.

"दरवेळी मेन पाडत होतो मी, बाई," ते म्हणाले. "त्या दिवशी हिचे ओठ निळे पडून राहिले होते. धावत गेलो, जनरेटर चालू केला, पिन लावली. मेन राहून गेला."

"ती वायर कोणी बनवून दिली?"

"मीच बनवली. सगळेच तशीच लावतात."

खूप काही बोलायचं ठरवून गेले होते. तोंडून एवढंच निघालं, "मास्तर, हे मशीन सरळ जनरेटरलाच लावलं असतं तर?"

त्यांनी मशीनच्या वायरीकडे पाहिलं. "चाललं असतं," ते म्हणाले. "जनरेटर अंगणात ठेवून खिडकीतून एक्स्टेंशनचा बोर्ड आत घेतला असता, तरी चाललं असतं."

खाटेवरच्या बाईंनी नाकातली नळी काढली. "मी त्या दिवशी गेली असती तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. मी उठले आणि नळी परत त्यांच्या नाकात बसवली. माझ्या भावाचा जीव घेणारं घर म्हणून तिथं गेले होते, आणि त्या बाईंचा श्वास नीट चालतो की नाही ते पाहत बसले.

पण खरा धक्का मला आमच्याच घरी बसला.

घरी आले आणि जिन्याखालचं कपाट उघडलं. तशीच वायर. दोन्ही टोकांना पिना. लग्नसराईत माझं ब्लाउज शिवायचं मशीन थांबू नये म्हणून ह्यांनी बनवलेली. दोन वर्षं आम्ही ती सॉकेटमध्ये खुपसत होतो.

ह्यांना विचारलं, "अहो, मेन बंद करत होते न तुम्ही?"

ते म्हणाले, "करत होतो." मग थांबून, "बहुतेक."

बहुतेक, दादा. आमच्या खांबावर कोण कोण चढलं असेल त्या दोन वर्षांत?

मागच्या उन्हाळ्यात तू जेवायला आला होतास, लाइट गेलेले, बाहेर जनरेटर धडधडत होता. तू विचारलंस, "हा कुठून जोडला वं?" आणि मी म्हटलं, "जेवायले आला का तपासणी कराले?" तू हसलास आणि भाकरी मोडलीस. का ऐकलंस माझं? ताटावरून उठून बघायचं होतंस. बहिणीचं मन राखायला नको होतं.

ती वायर मी कात्रीने कापली. मग प्रकाशभाऊंच्या घरी गेले. माफी कशी मागायची कळेना. ते म्हणाले, "ताई, मलेही वाटून राहिलं होतं का माह्याच हातानं झालं. रोज लाइन चालू-बंद केल्याचं रजिस्टर उघडून पाहत होतो." तीन आठवडे तो माणूस स्वतःला खुनी समजत होता, आणि त्यात माझंही बोलणं होतं.

तेच काल वायरमन घेऊन आमच्याकडे आले. आता मीटरजवळ चेंजओव्हर स्विच आहे. दांडा वर केला की लाइनची वीज, खाली केला की जनरेटरची. दोन्ही एका वेळी जोडल्याच जात नाहीत. कुणाच्या आठवणीवर काही अवलंबून नाही. जनरेटरही खिडकीपासून लांब उघड्यावर नेला, धूर घरात येऊ नये म्हणून.

रविवारी तसाच स्विच मास्तरांकडे बसवायचा आहे. वहिनीला सांगितलं, तर तिचा चेहरा उतरला. "त्यांच्या घरी काहून?"

मी म्हटलं, "त्या खांबावर आता दुसरा कोणी चढते, वहिनी."

तिने तुझ्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "किती वाजता निघायचं?"

दादा, तुला शब्द देते. जिथं जनरेटरचा आवाज ऐकू येईल त्या घराचं दार मी वाजवीन आणि विचारीन, हा कुठून जोडला? कुणी हसलं, चिडलं, जेवणाचं ताट पुढं केलं, तरी पाहिल्याशिवाय तिथून हलणार नाही.

तुझी धाकटी,
संगीता