चिंचदऱ्याची लाँच

१२ ऑक्टोबर १९७०
मुंबईहून परिपत्रक. ‘किनारी ग्रामीण भागांसाठी वाहतूक आराखडा त्वरित सादर करावा.’ नगर जिल्ह्याला किनारा कुठला, म्हणून टायपिस्ट हसत सुटला. साहेब म्हणाले, चुकून आलं असेल, परत पाठवा. मी अडवलं. म्हटलं, सर, किनारा म्हणजे पाण्याची कड. नवं धरण यंदा काठोकाठ भरलंय, जुना रस्ता पाण्याखाली गेलाय, पलीकडची गावं तुटलीत. साहेब जांभई देत म्हणाले, मग करा तुम्हीच.
काम योग्य माणसाकडे आलं.
शिवाय पलीकडच्या चिंचदऱ्याच्या शाळेत सरोजिनी आहे. मी नगरला, बायको पाण्यापलीकडे. शनिवारी येते, रविवारी जाते. लाँच सुरू झाली की रोज घरी येईल. आत्ताच सांगायचं नाही. सरप्राइज.

१७ ऑक्टोबर, शनिवार
राहवलं नाही, सांगितलं. ती पायांना तेल चोळत होती. म्हणाली, लाँच कशाला? छगनची काहील आहे की. (गूळ करायची मोठी पसरट कढई. हल्ली तिच्यात बसून माणसं पाणी ओलांडतात. शेळ्यासुद्धा.) पाण्याचं आमचं भागतं म्हणाली. अलीकडे उतरल्यावर फाट्यापर्यंतची चाल जीव काढते. फाट्यावरची एस.टी. तेवढी पाण्यापर्यंत आणा, एक अर्ज तर करायचाय.
अर्ज! इथे रीजनल प्लॅनिंग चाललंय. नीट समजावून सांगायला बसलो. तिला झोप लागली.

२४ नोव्हेंबर
सर्व्हे. जीप मिळाली नाही, फाट्यापासून चालत गेलो. रस्ता वाटला त्यापेक्षा लांब. काहिलीत एक पाय ठेवला तर ती गर्रकन फिरली. छगन म्हणाला, “बसा सायेब, घाबरू नगा. एवढा गूळ कडवला हिच्यात, कवा सांडला न्हाई.” मी घाबरलो नव्हतो, बूट ओले झाले असते. पाण्याची पाहणी काठावरून जास्त चांगली होते. पलीकडे शाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं. हात केला. कुणीतरी हात केला असं वाटलं. छगन म्हणाला, ती म्हैस राखणारी बाई हाय.

१४ मार्च १९७१
आराखडा फायनल. दोन धक्के, एक लाँच, प्रवाशांसाठी शेड. भरती-ओहोटीचा तक्ता जोडायला सांगितला होता. आपल्याकडे भरती नाही. ‘निरंक’ लिहिलं. सरोजिनीनं वाचलं. बस कुठंय, म्हणाली. म्हटलं, दुसऱ्या टप्प्यात. तिनं कागद नीट घडी करून परत दिला.
उद्यापासून पहाटे उठून व्यायाम.

२ जुलै
मुंबईहून उत्तर नाही. मोठ्या कामांना वेळ लागतो. व्यायाम पावसाळ्यानंतर.

६ सप्टेंबर
सरोजिनी आज सोमवार असून आली. नेसूचं पातळ चिखलानं भरलेलं. ती जिच्याकडे राहते त्या रंगुबाईची सून अडली होती. काहिलीतून अलीकडे आणली, पुढे बैलगाडी. फाटा येण्याआधीच बाभळीखाली बाळंत झाली. पोरगी गेली. सून दवाखान्यात आहे, वाचेल म्हणतात. सरोजिनीनं नाळ कापली. हे सगळं तिनं उभ्यानंच सांगितलं. मग विचारलं, अर्ज केलात?
म्हटलं, साहेब रजेवर होते. ती म्हणाली, वर्षभर?
फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. संध्याकाळीच बसून आराखड्यात दुरुस्ती केली: लाँचमध्ये बाळंतिणीसाठी वेगळी केबिन. मंगळवार: सकाळी तिला दाखवायचं ठरवलं होतं. ती पहिल्या गाडीनं निघून गेली होती.

११ सप्टेंबर, शनिवार
आली नाही. पाऊस असेल.

२५ सप्टेंबर
आली नाही. पाऊस नाही.

१९ ऑक्टोबर
दिवाळीच्या सुटीत आली. बोलते, पण दूध आणा, पीठ संपलं, इतकंच. लाँच आली की सगळं सुरळीत होईल.

१९ ऑगस्ट १९७२
आराखडा तत्त्वतः मान्य!! ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनी दोन घेतले. यंदाही पाऊस नाही. धरण बरंच उतरलंय. पुढच्या वर्षी भरेल, निसर्गाचं चक्र असतं.

३० जानेवारी १९७३
दुष्काळी कामातून पहिला धक्का बांधायला घेतला. शेकडो माणसं खडी फोडतायत. त्यांत रंगुबाई. पाणी आता इथून दिसत नाही. तिनं विचारलं, “सायेब, ह्यो वटा कशापायी?” म्हटलं, लाँच लागेल. “कशावर?” म्हटलं, पाणी आल्यावर. ती म्हणाली, “मंग आदी पानीच आना की,” आणि पुन्हा हातोडी उचलली. सुनेचं विचारायचं होतं. राहून गेलं.

२२ मार्च
धक्का पूर्ण. मजबूत काम. सावलीला शेळ्या बसतात. तळ उघडा पडून जुना रस्ता वर आलाय आणि एस.टी. पुन्हा थेट चिंचदऱ्यापर्यंत जाते. ही तात्पुरती व्यवस्था आहे. छगननं काहील परत गुऱ्हाळात नेली होती. ऊस नाही, म्हणून तीत आता बैलांना पाणी देतो.
बस चालू झाल्यावर सरोजिनी दर शनिवारी येईल असं वाटलं होतं.

१ जून
ऑर्डर आली. प्रमोशन! ‘किनारी वाहतुकीचा विशेष अनुभव लक्षात घेता’ रत्नागिरीला बदली. पंधरवड्यात हजर व्हायचंय. म्हणजे वर कुणीतरी आराखडा वाचला. साहेबांनी प्रेमानं पाठ थोपटली आणि माझी खुर्ची आजच आत घेतली.

१० जून, रविवार
ट्रंक बांधत होतो. दारात टांगा थांबला. सरोजिनी उतरली, तिचीही ट्रंक, शिवाय शिलाई मशीन आणि पत्र्याचा डबा. म्हणाली, नगरच्या शाळेत बदली झाली, उद्यापासून. गेल्या वर्षी तिनं स्वतःच मागितली होती, होईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं. रंगुबाईची सून पुन्हा पोटुशी आहे, तिनं निघताना डबाभर पापड दिले. कितीतरी दिवसांनी ती सलग इतकं बोलली.
मग माझी ट्रंक दिसली.
रत्नागिरीचं सांगितलं. प्रमोशनचंही. ती पायरीवर बसली. म्हणाली, तिथून शनिवारी निघून रविवारी परत जाता येतं का?
म्हटलं, आधी कोल्हापूर, मग घाट, मग गाडी मिळाली तर. जाऊन अभ्यास करतो, काहीतरी योजना निघेल.
तिनं एकदम माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, नको. योजना नको.
टांगेवाला विचारत होता, मशीन कुठं ठेवू. आम्ही दोघांनी मिळून आत घेतलं. जड होतं.